चिंगबिंगच्या दिवशीचा बाप्तिस्मा

बाप्तिस्म्याआधी पंचांपुढे बसावं लागतं, ही आमच्या मंडळीची जुनी रीत. ज्यांना आईबापांनी तान्हेपणीच पाळकांच्या हातात दिलं त्यांचं सोपं असतं. पण जो मोठेपणी आपल्या पायांनी येतो त्याला पाच पंच आणि पाळक समोर बसवून विचारतात: का येतोस, कोणावर भरवसा ठेवतोस, घरी काय करतोस. मी त्या पाचांतली एक. त्या बुधवारी आमच्यासमोर सो-हुन बसली होती.

ओहोटीचं काम आटोपून ती थेट आली होती. गमबूट तिने दाराबाहेर काढले, पण कालवांचा वास काही दाराबाहेर राहिला नाही. अर्थात त्या खोलीत त्याचं कोणाला नवल नव्हतं. तैवानच्या किनाऱ्यावरचं आमचं गावच कालवांवर जगतं. रस्त्याच्या एका बाजूला चर्च, समोर सो-हुनची कालवं फोडायची शेड, शेजारी माझं दोरखंडांचं दुकान. तीस वर्षं मी तिला पाहत आले. लिम घराण्याची थोरली सून. नवरा हाई-सान सात वर्षांपूर्वी वारला. एकच मुलगी, ती लग्न होऊन उत्तरेला गेली. घरात आता ही सत्तावन्नची आणि सासू शहाऐंशीची.

प्रश्न विचारायला आंग मास्तर होते. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, त्यामुळे समोर कोणी बसलं की तो त्यांना पाचवीतलाच वाटतो.

"दहा आज्ञा सांगा," ते म्हणाले.

सो-हुनने बोटांवर मोजत सांगितल्या.

"सातवी आणि आठवी उलटसुलट झाली."

"पाळताना क्रम लागत नाही, मास्तर," को पाळक म्हणाले.

"घरात पूर्वजांचा देव्हारा आहे?"

"आहे."

"उतरवला?"

"तो माझा नाही. सासूबाईंचा आहे. माझं घर असतं तर उतरवला असता. त्यांच्या घरातून त्यांचे सासूसासरे मी कसे खाली उतरवू?"

"उदबत्ती कोण लावतं?"

इथे ती खोटं बोलू शकली असती. बऱ्याच जणी बोलतात. ती म्हणाली, "मीच लावते. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांचा हात वर पोचत नाही."

"आणि बाप्तिस्म्याचं पाणी घेतल्यावर?"

"नाही लावणार."

"मग कोण लावणार?"

"ते अजून ठरलेलं नाही."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा को पाळक पुढे सरकून म्हणाले, "सो-हुन, चार वर्षं येतेस. गाणी तुला पाठ आहेत. पाणी न घेताही येत राहिलीस तर तुला कोणी हाकलणार नाही. मग हा घोर कशाला लावून घेतेस?"

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. कालवं फोडणाऱ्या बायकांच्या हातांवर असतात तसे बारीक पांढरे व्रण होते तिच्या बोटांवर.

"प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट येतं ना," ती म्हणाली, "डावीकडून माझ्याकडे येतं. मी धरते आणि उजवीकडे देते. पाणी घेतलं नाही तोवर मला घेता येत नाही, नियमच आहे, माझी तक्रार नाही. पण चार वर्षं मी ते पुढे देतेय. घरीपण तेच. लग्न होऊन आले तेव्हापासून आधी मेलेल्यांना वाढते, मग जिवंतांना वाढते, मग उरलं तर मी. मेलेल्यांना वाढताना तर धाकधूक असते. मासा कच्चा राहिला का, तिथी चुकली का, कोणाचं नाव घ्यायचं विसरले का. वाढायला माझी ना नाही. पण पाळक, तुम्ही गाता ना, की ताट आधीच वाढून ठेवलंय, तू नुसतं ये आणि बस. ते ऐकून वाटलं, एकदा बसावं. वाढपी म्हणून नाही. जिच्यासाठी पान मांडलंय ती म्हणून."

आंग मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"हे उत्तर प्रश्नावलीत नाही," ते म्हणाले.

"चूक आहे का?"

"चूक नाही. पण प्रश्नावलीत नाही."

पाचही हात वर झाले. मास्तरांनी एकच अट घातली, आणि ती रास्त होती: सासूला तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि आधी सांगायचं. मागाहून कळलं तर गाव म्हणेल, चर्चने सून पळवली. पाळकांनी वहीत तारीख लिहिली, ईस्टरचा रविवार.

सो-हुन दारात गमबूट चढवत होती. एक पाय आत गेला आणि ती तशीच थांबली. "ईस्टर यंदा कितवी तारीख?"

"चार एप्रिल."

"चार एप्रिलला चिंगबिंग आहे."

आम्ही पाचही पंच एकमेकांकडे पाहायला लागलो. चिंगबिंग म्हणजे पूर्वजांची थडगी साफ करायचा दिवस. घरोघरचे लोक तैनानहून, तैपेईहून डोंगरावर येतात. त्या दिवशी थोरल्या सुनेने गायब होणं म्हणजे लग्नातून नवरीने गायब होण्यासारखं. आणि आमच्या एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. आमच्या भिंतींवर चर्चचं कॅलेंडर, त्यावर ईस्टर लाल अक्षरांत, चिंगबिंगचा पत्ता नाही. तिच्या भिंतीवर मासळीच्या दुकानाचं कॅलेंडर, त्यावर चिंगबिंग लाल, ईस्टरचा पत्ता नाही.

"पुढे ढकलू," पाळक म्हणाले. "पन्नास दिवसांनी पेंटेकॉस्ट आहे."

"नको," सो-हुन म्हणाली. "आज ढकललं तर उद्या ढकलायला मी आणखी काहीतरी शोधीन. राहू द्या तीच तारीख." तिने दुसरा बूट घातला आणि गेली.

ती आमच्यात आली कशी, हे सांगायला हवं. आमच्या को पाळकांचा उपदेश अर्धा बोलण्यात असतो, अर्धा गाण्यात. गोल पोटाची, दोन तारांची वीणा मांडीवर घेतात, एक वाक्य बोलतात आणि चार गातात. पूर्वी देवळांच्या अंगणात आंधळे गवई शूरांच्या गोष्टी अशाच सांगायचे. पाळकांनी त्याच चाली घेतल्या आणि त्यांत प्रभूच्या गोष्टी बसवल्या. आंग मास्तरांना ते फारसं रुचत नाही. "देवळाच्या अंगणातली चाल आहे ती," ते म्हणतात. पाळक म्हणतात, "अंगण देवळाचं असेल मास्तर, गळा ज्याने दिला त्याचाच आहे." माझ्यापुरतं सांगायचं तर बोललेला उपदेश मला दुपारपर्यंत पुरतो, गायलेला आठवडाभर. दोर मोजतानाही तो हाताखालून वाहत असतो.

चार वर्षांपूर्वी उकाड्यामुळे चर्चची दारं सताड उघडी होती आणि पाळक मेजवानीची गोष्ट गात होते. बोलावलेले पाहुणे आलेच नाहीत, तेव्हा धन्याने नोकरांना रस्त्यावर पाठवलं, जो दिसेल त्याला आत आणा म्हणाला. 'अजून जागा आहे' ही ओळ ते पुन्हापुन्हा घोळवत होते, दर वेळी एक सूर खाली. रस्त्यापलीकडे सो-हुनची सुरी थांबली. सासूने विचारलं, हात का थांबला. ती म्हणाली, हे कालव घट्ट आहे. पुढच्या रविवारी ती हात धुऊन येऊन शेवटच्या बाकावर बसली, पंख्याखाली.

पंचांपुढे बसली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. "ताई, आज आईंना सांगणार आहे. तुम्ही नुसत्या येऊन बसा. बोलू नका."

"न बोलता बसणं मला जमत नाही."

"म्हणून तर हातात सुरी देते. कालवं फोडा."

शेडमध्ये तिच्या सासूबाई, लिम काकू, टायरवर फळी टाकून केलेल्या बैठकीवर बसल्या होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, पण त्यांचा हात अजून आमच्या दोघींपेक्षा जलद. सुरीचं टोक फटीत, एक पिळा, कालव वाडग्यात, शिंपला ढिगावर. सो-हुन त्यांच्या समोर बसली.

"आई, चार तारखेला मी चर्चमध्ये पाणी घेणार आहे."

काकूंनी आणखी दोन कालवं फोडली. "चार वर्षं दर रविवारी जातेस. मी म्हटलं, गाणी ऐकायला जाते, जाऊ दे, टीव्हीपेक्षा बरं. आता पाणी कशाला?"

"पाणी घेतलं की उदबत्ती नाही लावता येणार."

"कोणाला?"

"कोणालाच."

"हाई-सानला?"

"त्यालाही नाही."

काकूंनी माझ्याकडे मान वळवली. "ही तुमची शिकवण?"

"मला बोलायची बंदी आहे, काकू."

"बरं झालं. तोंड उघडलंत की तुम्ही गायलाच लागता." मग त्या पुन्हा सुनेकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "दोन मुलगे झाले मला. एक गेला. दुसरा तैनानला. त्याच्या फ्लॅटमध्ये धूर चालत नाही म्हणून बायकोने विजेची उदबत्ती आणली आहे. बटण दाबलं की टोकाला लाल दिवा लागतो. मी मेल्यावर काय लाल दिवा खाऊ? मला वाटलं होतं, तू आहेस. मी निर्धास्त होते."

"मी आहेच की, आई."

"पण जेवू घालणार नाहीस."

"तुम्ही आहात तोवर तिन्ही त्रिकाळ घालीन."

"आणि नंतर? नंतरचा काळ फार मोठा असतो गं."

आम्हाला त्या 'नंतर'बद्दल एवढी गाणी येतात, पण समोर सुरी घेऊन बसलेल्या म्हातारीला त्यातलं कोणतं ऐकवायचं ते मला त्या क्षणी सुचलं नाही. बोलायची बंदी होती ते बरं झालं.

"कौल लाव," काकू म्हणाल्या. "हाई-सानला विचार. तो हो म्हणाला तर जा."

"मी नाही लावणार."

"का? नाही म्हणेल म्हणून घाबरतेस?"

"हो म्हणेल म्हणून. हो म्हणाला तर मी त्याच्या परवानगीने गेले असं होईल. लग्न बापाच्या परवानगीने केलं. दिवसाचं काम भरतीओहोटीच्या परवानगीने करते. आई, ही एक गोष्ट मी आपल्या मनाने ठरवली आहे."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तरी जाणार."

"मग विचारायचं तरी कशाला?"

"तुम्हाला विचारावंसं वाटत असेल तर विचारा. तुमचा मुलगा आहे तो."

काकू उठल्या. सुनेचा खांदा धरून घरात निघाल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्हीपण या. साक्षीला."

कौलाची दोन लाकडं असतात, चंद्रकोरीसारखी, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकायची. एक उताणं, म्हणजे सपाट बाजू वर, आणि एक पालथं पडलं तर होकार. दोन्ही पालथी तर नकार. दोन्ही उताणी पडून डुलायला लागली तर म्हणायचं, पूर्वज हसले, उत्तर दिलंच नाही. काकू देव्हाऱ्यासमोर खुर्चीवर बसल्या, लाकडं ओंजळीत धरली, आणि शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या, "हाई-सान, तुझी बायको चर्चचं पाणी घेते म्हणते. घेऊ दे का?"

दोन्ही पालथी.

सो-हुन भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा बदलला नाही, पण हात तिने पाठीमागे नेले.

"प्रश्न नीट विचारला नाही मी," काकू म्हणाल्या. आमच्याकडे सगळेच असं करतात. मनाजोगं उत्तर मिळालं नाही की प्रश्न बदलतात. मला त्या वेळी एवढंच कळलं, की नकार त्यांच्याही मनाजोगा नव्हता.

एक लाकूड घरंगळत माझ्या पायाशी आलं होतं. काकूंना वाकता येत नव्हतं आणि सो-हुन जागची हलत नव्हती. मी उचलून दिलं. मंडळीची पंच असून मी कौलाचं लाकूड उचलून दिलं, हे आंग मास्तरांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

"हाई-सान," काकू पुन्हा म्हणाल्या, "ती गेली तर तू रागावशील का?"

दोन्ही उताणी. लाकडं डुलत राहिली.

"हसला." त्यांनी परत टाकली. परत हसला. तिसऱ्यांदा टाकली. तिसऱ्यांदाही हसला.

काकूंनी लाकडं मांडीवर ठेवली. "जिवंत होता तेव्हा हेच करायचा. कामाचं काही विचारलं की दात दाखवायचा आणि होडीकडे चालू लागायचा."

"भाड्याची होडी घेऊ नकोस म्हटलं तेव्हाही असाच हसला होता," सो-हुन म्हणाली.

"बाप तसाच होता त्याचा."

दोघी हसल्या. थोड्याच, आणि एकमेकींकडे न बघता. मग काकू म्हणाल्या, "त्याने माझ्यावर टाकलं."

"काय?"

"ठरवायचं. मी अजून काही ठरवलेलं नाही. जा, कालवं उन्हात पडली आहेत."

दुसऱ्या दिवशी तैनानहून धाकट्या दिराचा, हाई-बूनचा फोन आला. सो-हुनचे हात ओले होते म्हणून फोन मी धरला होता, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

"वहिनी, वर्षातला एक दिवस मागतोय. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तुझ्या येशूचे."

"भावजी, गवत मी शनिवारी काढून ठेवते. चौदा माणसांचं जेवण करून देते. चर्चमधलं साडेअकराला आटोपलं की येतेच. तुम्ही बारापर्यंत थांबा."

"आम्ही थांबू. पूर्वज थांबतील का?"

"त्यांना कुठे गाडी पकडायची आहे?"

पलीकडे हसू आल्यासारखं झालं आणि दाबलं गेलं. "गंमत नाही, वहिनी. दादाला मुलगा नाही. तू उदबत्ती लावली नाहीस तर त्याचं कोण आहे? मी सगळ्यांसमोर उदबत्ती तुझ्या हातात देणार. बघू कशी घेत नाहीस."

फोन बंद झाल्यावर ती बराच वेळ हात पुसत राहिली. "वाईट माणूस नाही तो," मला म्हणाली. "भावावर जीव होता. म्हणून तर भीती वाटते. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं."

जेवणाचं तिने आंग मास्तरांना आपण होऊन विचारलं. मास्तर म्हणाले, "म्हणजे नैवेद्य."

"चौदा माणसं जेवणार आहेत. त्याआधी ते ताटं कुठे मांडतात ते बघायला मी तिथे नसेन."

"हा वकिली मुद्दा झाला."

"हा सुनेचा मुद्दा आहे, मास्तर," पाळक म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघी डोंगरावर गेलो. विळ्याने गवत काढलं, थडग्याच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं, नावाच्या अक्षरांत लाल रंग भरला. सो-हुन काम करताना गात होती. सूर तिच्या हाती लागत नाही, पण शब्द एक चुकत नाही. रंगाची डबी बंद करताना ती म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं, आज हाई-सानला सोडून निघाल्यासारखं वाटेल. तसं नाही वाटत. तान्ह्या मुलाला दिवसभर एकटीने कडेवर घ्यावं आणि संध्याकाळी कोणीतरी म्हणावं, दे माझ्याकडे. तसं वाटतंय. सात वर्षं तो माझ्यावर होता. मी जेवू घातलं तर जेवणार, विसरले तर उपाशी. आता ज्याने त्याला घडवलं तो बघेल. माझ्याच्याने एवढं होत नव्हतं."

या वेळी बोलायची बंदी नव्हती, तरी मी नुसते विळे पुसून पिशवीत ठेवले.

ईस्टरच्या सकाळी ती चारला उठली होती. कोंबडी, मासा, आणि त्या दिवशी आमच्याकडे करतात त्या गुंडाळ्यांचं सगळं सामान: पातळ पोळ्या, परतलेली कोबी, गाजर, अंड्याच्या पट्ट्या, साखर घातलेलं शेंगदाण्याचं कूट. डबे भरून पुतण्याच्या गाडीत ठेवले. सासूला न्हाऊ घातलं, नवा सदरा घातला, गाडीत बसवलं. गाडी निघताना काकू तेवढं म्हणाल्या, "छत्री घेतलीस का? ऊन होईल."

दहा वाजता ती आमच्या पुढे उभी होती, निळ्या झग्यात. सकाळी हवेत गारवा होता. वाडगा धरायचा मान सगळ्यांत जुन्या पंचाचा, म्हणजे आंग मास्तरांचा. त्यांनी झब्ब्याखालून थर्मास काढला आणि वाडग्यात कोमट पाणी ओतलं. कोणाशी बोलले नव्हते, कोणाला विचारलं नव्हतं. पाळकांनी बघितलं आणि मान खाली घातली.

प्रश्न चार असतात. प्रत्येकाला तिने होडीच्या इंजिनावरून हाक मारावी तशा आवाजात "हो" म्हटलं. मागच्या बाकावरची पोरं दचकली. तीन ओंजळी पाणी तिच्या डोक्यावर पडलं, पित्याच्या नावाने, पुत्राच्या नावाने, पवित्र आत्म्याच्या नावाने, आणि कानांमागून निथळत कॉलरमध्ये गेलं. ती हलली नाही. मग ताट आलं, डावीकडून. तिने घेतलं. शेजारची हात पुढे करून वाट बघत होती, तिला जरा वाटच बघावी लागली.

शेवटचं गीत संपायच्या आत मी स्कूटर काढली. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही डोंगरावर पोचलो. तिचे केस अजून ओले होते.

सगळे थांबले होते. ताटं थडग्यासमोर मांडून झाली होती. काकू प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, छत्रीखाली. हाई-बूनने उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि प्रत्येकाला तीन-तीन देत आला. सो-हुनपाशी येऊन त्याने तीन पुढे केल्या. सगळे बघायला लागले, तिथली लहान मुलंसुद्धा.

"मी नाही घेणार, भावजी."

"दादासाठीपण नाही?"

"नाही."

तिचे कान लाल झाले होते. हाई-बूनचा हात तसाच पुढे होता, धूर दोघांच्या मधून वर जात होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराचं की कशाचं कोण जाणे. मी मनात प्रार्थना करत होते, शब्दांवाचूनच. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

"दे इकडे," काकू म्हणाल्या.

"आई, तुझ्या तीन दिल्यात तुला."

"तिच्या वाट्याच्या दे. मी सहा धरते." त्यांनी त्या घेतल्या. "आता मला उभं करा. खुर्चीत बसून वाकले तर तुझ्या बापाला वाटेल कंबर दाखवायला आले आहे."

हाई-बून पुढे झाला.

"तू नको. तुझी पकड ढिली आहे, खाली पाडशील. सो-हुन, तू ये."

सो-हुनने त्यांचा दंड धरला. उतार होता, पायांखाली शनिवारी काढलेल्या गवताचे बुडखे होते. काकू सहा उदबत्त्या घेऊन तीनदा वाकल्या, आणि तिन्ही वेळा सगळा भार सुनेच्या हातावर टाकला. सो-हुन भरतीच्या पाण्यात पाय रोवून उभं राहावं तशी ताठ उभी होती. ती वाकली नाही आणि तिने म्हातारीला पडूही दिलं नाही.

"हाई-सान," काकू दगडाकडे बघून म्हणाल्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ही आली आहे. उदबत्ती माझी आहे, हात तिचा आहे. समजून घे आणि परत हसू नकोस."

हाई-बूनने तोंड फिरवलं. मग तो गेला आणि सो-हुनसाठी गाडीतून स्टूल घेऊन आला. त्याने माफी मागितली नाही आणि तिनेही मागितली नाही. सगळे जेवायला बसले.

मी काकूंच्या शेजारी होते. सो-हुनने त्यांना गुंडाळी करून दिली. त्यांनी अर्धी खाल्ली, मग चावता चावता थांबल्या. "मी गेल्यावर काय करशील? खरं सांग."

"दर वर्षी गवत काढीन. अक्षरांत रंग भरीन. फुलं आणीन. गाणं म्हणीन."

"बेसूर गातेस तू."

"मग ताईंना आणीन."

"त्या थांबत नाहीत." काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "आणि जेवण?"

सो-हुनला एखादं गोड वाक्य बोलून वेळ मारून नेता आली असती. सकाळी तिने चार वेळा हो म्हटलं होतं, आणखी एक म्हणणं जड नव्हतं.

"जेवण नाही, आई," ती म्हणाली.

काकू खाली समुद्राकडे बघत राहिल्या. ओहोटी लागली होती आणि कालवं वाढवायला रोवलेले बांबू हळूहळू वर दिसायला लागले होते. मग उरलेली अर्धी गुंडाळी त्यांनी संपवली आणि बोटं पुसली.

"मग आत्ताच आणखी एक कर," त्या म्हणाल्या. "आणि शेंगदाण्याचं कूट हात राखून घालू नकोस."

सो-हुनने केली. काकूंनी ती सगळी खाल्ली आणि तिसरी मागितली.